चौथी गोळी

रायफल लांबच्या पल्ल्याला चालेल की नाही हे विचारायला जो कोणी येतो, तो आधी खिशातून एक कागद काढतो. घडी घातलेला, कडा मळलेल्या, आणि मधोमध तीन भोकं एकमेकांना खेटून. "बघा ताई, एका बटणाखाली झाकतील." नेमबाजी क्लबात रायफली तपासणारी थोरली कागद बघते, मान हलवते आणि विचारते, बाकीचे कागद कुठायत? ते कधीच नसतात. ते रेंजवरच्या कचऱ्याच्या डब्यात गेलेले असतात, कारण त्या दिवशी वारा होता, किंवा काडतुसं जुनी होती, किंवा शेजारचा नेमका तेव्हाच शिंकला. माणूस दिवसभर गोळ्या झाडणार, त्यातला सगळ्यात गोंडस कागद पाकिटात जपून ठेवणार आणि वर तिलाच सांगणार की ही रायफल म्हणजे सोनं आहे. अरे, सोनं आहे तर माझ्याकडे कशाला आलास बाबा, सोनाराकडे जा.

तरी ही माणसं परवडली. त्यांना चार शब्द सुनावता येतात. ज्याला सुनावायची सोय नव्हती तो माणूस तिच्याच घरात राहत होता, सकाळी तिच्याच हातचा चहा पीत होता आणि अख्खा क्लब त्याला मास्तर म्हणत होता. थोरलीचे बाबा.

क्लबच्या मागच्या अंगाला थोरलीची दुरुस्तीची खोली होती. तेलाचा वास, खिडकीखाली लांब टेबल, टेबलाला घट्ट बसवलेली लोखंडी पकड, आणि जुन्या बिस्किटांच्या डब्यांतून निवडून ठेवलेले स्क्रू. तिचं काम एवढंच: रायफल वाळूच्या पिशव्यांवर ठेवायची, न थांबता एकामागून एक दहा गोळ्या झाडायच्या, आणि दहाच्या दहा भोकं मोजायची. "ती एक निसटली हो, ती धरू नका," असं म्हणणाऱ्याला ती सांगायची, स्पर्धेत पंचांना सांगून बघा, ते धरतात का. मग नळी, दस्त्याचं लाकूड, दुर्बीण सगळं तपासून ती एका वाक्यात निकाल द्यायची. ते वाक्य कुणाला आवडायचं नाही, पण ते बदलूनही मिळायचं नाही.

आणि या बाईच्या बापाचा सिद्धांत काय, तर चौथी गोळी.

"पहिली गोळी डोळ्याची, दुसरी हाताची, तिसरी श्वासाची, चौथी मनाची." मास्तर हे अशा थाटात सांगायचे की नव्या पोरापोरींच्या अंगावर काटा यायचा. पहिल्या तीन कुणालाही जमतात. चौथीला मन हलतं. मन हललं की गोळी गेलीच समजा, आणि एकदा गेली की पुढच्याही तिच्या मागे जातात. त्यांच्या हाताखालून गेलेल्या कितीतरी जणांच्या रायफली ठणठणीत असूनही चौथीला बोटं थरथरायची. मास्तरांनीच सांगून ठेवलंय म्हटल्यावर थरथरणारच की. घरी तर विचारूच नका. दूध उतू गेलं, चौथी गोळी. किल्ली आत राहून दार लागलं, चौथी गोळी. एकदा आईच्या हातून भाजीत दोनदा मीठ पडलं, बाबांनी घास घेतला आणि शांतपणे म्हणाले, "चौथी गोळी." आईने त्यांच्यापुढचं ताट उचललं आणि आत नेऊन ठेवलं.

थोरली या सिद्धांतापायीच लहानपणी रेंज सोडून हत्यारांकडे वळली होती. तिला त्याचं दुःख नव्हतं. स्क्रूला मन नसतं, हे तिला फार आवडायचं. पण धाकटी बहीण त्यात सापडली. धाकटीचा डोळा चांगला, हात चांगला, आणि बाबांवर विश्वास तर इतका की ऐकणाऱ्याला राग यावा. बाबांनी स्वतःची जुनी रायफल तिच्या हातात दिली तेव्हा ती आनंदाने दोन दिवस धड जेवली नव्हती. ती रायफल बाबा स्वतः पुसायचे, स्वतः तेल द्यायचे, पिवळ्या फडक्यात गुंडाळून कपाटात ठेवायचे. थोरलीने कधी हात पुढे केलाच तर म्हणायचे, "हिला काही झालेलं नाही. झालंय ते माणसाला होतं."

रविवारी लांब पल्ल्याची निवड स्पर्धा होती. त्यातून पुढे गेलं की संघात जागा, आणि नाही गेलं तर वयाची अट अशी की धाकटीला पुन्हा संधी नव्हती.

शुक्रवारी दुपारी ती थोरलीच्या खोलीत आली, टार्गेटांची गुंडाळी टेबलावर टाकली आणि स्टुलावर बसून राहिली.

"काय झालं?"

"काही नाही. रविवारी खेळते आणि सोडते. बाबांना सांगू नकोस."

"सोडते म्हणजे?"

"म्हणजे सोडते. माझं मनच तसलं आहे, ताई. मी सगळं करून बघितलं. लवकर झोपते, डोळे मिटून बसते, बाबा म्हणाले म्हणून कोमट दूध पिते, मला दुधाचा वासही सहन होत नाही. तीन जातात मधोमध आणि चौथीला मी कुठेतरी जाते." तिचा आवाज फाटला. "बाबांसारखंच. तेही शेवटच्या सामन्यात असेच हरले होते ना. त्यांचंच आलंय माझ्यात."

थोरलीला कीव यायच्या आधी राग आला. धाकटीचा नाही, सगळ्याच प्रकाराचा. रडणाऱ्या बहिणीला जवळ घ्यायचं सोडून तिने गुंडाळी उलगडली, कारण रागावली की ती हाताला काम देते. एक कागद, दुसरा कागद, तिसरा. प्रत्येकावर मधोमध तीन भोकांचा झुबका, आणि बाकीची भोकं त्याच्यापासून निघून उजवीकडे वर चढत गेलेली. प्रत्येक कागदावर उजवीकडे वरच.

"हे गं काय?"

"सांगितलं ना. मन."

"तुझं मन दरवेळी उजवीकडे वरच कसं जातं? भरकटायचंच तर एखाद दिवशी डावीकडे जाईल, खाली जाईल. इतकं शिस्तीत भरकटणारं मन मी पहिल्यांदा बघतेय."

धाकटीने नाक पुसलं आणि कागदांकडे बघितलं. तिच्या तोंडावर आशा बिशा काही दिसली नाही. "बाबा म्हणतात, प्रत्येकाच्या मनाची एक दिशा असते," ती म्हणाली.

थोरलीने कपाळावर हात मारून घेतला.

संध्याकाळी जेवताना तिने विषय काढला. काढू नये हे तिला कळत होतं. बाबा भात कालवत होते, आई वाढत होती, धाकटी डोकं दुखतंय म्हणून आत पडली होती.

"बाबा, उद्या सकाळी तुमची रायफल मला तपासायला हवी आहे. लांबच्या रेंजवर."

"कशाला?"

"रविवारी ती न्यायची आहे म्हणून."

"मी तपासली आहे. दर महिन्याला तपासतो. तीन गोळ्या, एकाच भोकात."

"दहा झाडून बघितल्या?"

"दहा कशाला? तीनांत रायफल कळते. पुढच्या सात झाडल्या तर माणूस कळतो." हे वाक्य त्यांना फार आवडलं असावं, कारण ते थोडं थांबले. "बंदुकीला नावं ठेवायची सवय लागली की नेमबाज संपला. मी तिला हे शिकवलं नाही, आणि तू शिकवू नकोस."

"मी नावं ठेवत नाहीये, मी मोजणार आहे. लोकांच्या मोजते, घरची का नको?"

"कारण घरची मला माहीत आहे."

"अहो, बघू दे ना तिला," आई म्हणाली. "हिचं कामच आहे ते. डॉक्टरच्या घरात कुणी आजारी पडत नाही का?"

"तू मध्ये पडू नकोस."

"मी पडत नाही. मी फक्त सांगते की आतमध्ये पोरगी उशीत तोंड खुपसून पडली आहे, तिला तीन दिवसांत नीट जेवण गेलेलं नाही, आणि तुम्ही दोघं तीन की दहा यावर भांडताय. भात घ्या." आईने त्यांच्या पानात न विचारता भात वाढला. घरातला शेवटचा शब्द असा बहुतेक वेळा भातासोबत यायचा.

सकाळी बाबा आले, रायफल स्वतःच्या हातात धरून. रेंज रिकामी होती, वाऱ्याचे झेंडे काठीला चिकटून लोंबत होते. वाऱ्यावर ढकलायची सोय नव्हती, हे थोरलीला बरं वाटलं.

तिने टार्गेटाच्या कडेची एक पातळ पट्टी फाडली आणि नळी आणि तिच्या खालचं लाकूड यांच्या मधल्या फटीत सरकवली. नळी लाकडाला कुठेही टेकता कामा नये. टेकली की दर गोळीला लाकूड तिला ढकलतं, आणि जवळच्या रेंजवर जे बोटभर दिसतं ते लांबच्या रेंजवर दोन वितींचं होतं. पट्टी सरसर मागपर्यंत गेली.

"झालं समाधान?" बाबा म्हणाले.

"अजून झाडलेली नाही."

तिने टेबलावरच्या वाळूच्या पिशव्यांवर रायफल बसवली. बाबा शेजारी तिपाईवरच्या दुर्बिणीला डोळा लावून बसले. पहिली, दुसरी, तिसरी. बाबांनी दुर्बिणीवरून डोळा काढला आणि गुडघ्यांवर हात ठेवून उठायला लागले.

"एकाच जागी आहेत. चल."

"बसा, बाबा."

"अगं, कळलं ना..."

"बसा म्हणते ना."

ते बसले. चौथी. पाचवी. ती थांबली नाही, दहा संपवूनच तिने मान वर केली. बाबा दुर्बिणीतून बघत होते.

"उजवीकडे वर," ती म्हणाली. तिला बघायचीही गरज नव्हती.

"हो." बाबांनी सावकाश मान डोलावली, आणि त्यांच्या चेहऱ्यावर जे आलं ते बघून थोरलीला वाटलं आता आपण किंचाळणार. त्यांच्या चेहऱ्यावर माया होती. "तुझ्यातही आहे तर. मला वाटायचं तू आईवर गेलीस. आपल्या घराण्याचं मनच उजवीकडे वर जातं बघ."

"बाबा, रायफल पिशवीवर होती. मी फक्त घोडा दाबत होते. मन घरी विसरून आले असते तरी चाललं असतं."

"तसं वाटतं."

पालथ्या घड्यावर किती पाणी ओतणार? ती स्वतःच पाणी प्यायली. नळी गार होईपर्यंत ती रेंजच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत चालत राहिली, तोंडातल्या तोंडात बापाला काय काय बोलत, आणि परत येऊन म्हणाली, "आता तुम्ही झाडा."

बाबा तिपाईपाशीच थांबले. त्या हरलेल्या सामन्यानंतर त्यांनी स्पर्धा सोडल्या होत्या, हे सगळ्यांना माहीत होतं. पण महिन्याच्या त्या तीन गोळ्यांपलीकडे चौथी त्यांनी त्यानंतर कधीच झाडली नव्हती, हे थोरलीला आत्ता त्यांच्याकडे बघताना कळलं. शिकवलं सगळ्यांना, झाडली नाही.

"मी कशाला?"

"तुमचा सिद्धांत आहे म्हणून."

ते बसले. खांदा लावला, गाल लावला, आणि थोरली क्षणभर राग विसरली. काय तो माणूस बसला होता. कुठेही ताण नाही, काही जास्तीचं नाही. तीन गोळ्या एकमेकांत गेल्या. मग त्यांनी श्वास घेतला, तो सोडला, अर्धा परत घेतला, आणि चौथी झाडली. तिने दुर्बिणीतून बघितलं. उजवीकडे वर. पाचवी त्याच्या वर. सहावी अजून वर.

"बघितलंस?" त्यांनी गाल उचलला. ते दुःखी नव्हते. एखादा जुना शेजारी पुन्हा दारात उभा दिसावा तसं ते बघत होते. "अजून तसंच आहे. मी म्हटलं नव्हतं?"

 थोरलीने खाली पडलेली कागदाची पट्टी उचलली आणि त्यांच्या हातात दिली.

"सरकवा."

"मघाशी सरकवली की."

"मघाशी नळी गार होती. आता सरकवा."

त्यांनी ती नळीखाली घातली. ती चार बोटांएवढी आत गेली आणि अडकली. त्यांनी काढली, सरळ केली, पुन्हा घातली. तिथेच अडकली, डाव्या बाजूला. त्यांनी जोर लावला तेव्हा कागद चुरगळला. थोरलीने दुसरी पट्टी फाडून दिली. तीही अडकली.

"नळी तापली की पुढचं लाकूड वळतं आणि तिला खालून, डाव्या कडेला टेकतं," ती म्हणाली. "टेकलं की दर गोळीला उजवीकडे वर ढकलतं. मनाचा काही संबंध नाही. पहिल्या तीनांपुरती ती गार असते."

बाबा रायफल मांडीवर घेऊन बसले आणि थोड्या थोड्या वेळाने पट्टी घालून बघत राहिले. अडकायची. मग थोडी पुढे जायची. थोरलीच्या तोंडाशी सगळं तयार होतं: दूध, मीठ, थरथरणारी बोटं, उशीत तोंड खुपसलेली पोरगी, तिची स्वतःची सोडलेली रेंज. कितीतरी वर्षांचं साठलेलं. तेवढ्यात पट्टी सरसर मागपर्यंत गेली.

"मी सरावाला तीन झाडल्या की उठून टार्गेटपाशी चालत जायचो," बाबा म्हणाले. तिच्याशी बोलत नव्हते. "प्रत्येक वेळी. स्वतः जाऊन बघायचो, बोटाने चाचपून. चालत जायचो, चालत यायचो. येईपर्यंत ही गार व्हायची."

"हो."

"सामन्यात कोण चालत जाऊ देतं."

"बाबा, अर्ध्या तासाचं काम आहे," थोरली पटकन म्हणाली, काहीतरी बरं बोलावं म्हणून. "आतलं लाकूड थोडं घासायचं, बस. दुपारी परत दहा झाडून बघू. उद्याला तयार होईल."

"अर्धा तास?"

बोलून चुकल्यासारखं झालं. बाबांनी आधी रायफलीकडे, मग लांबवरच्या टार्गेटाकडे आणि मग स्वतःच्या तळहाताकडे बघितलं. तिच्या तोंडाशी आलेलं सगळं तिथेच राहिलं. ते बोलायला आता समोर कुणी उरलं नव्हतं, नुसता एक म्हातारा माणूस बसला होता.

धाकटी फाटकातून येताना दिसली. डोळे सुजलेले, खांद्याला पिशवी. सरावाची वेळ म्हणून आली होती, येऊन दोघांकडे बघत उभी राहिली.

"काय झालं? मी उद्या खेळू नको का?"

थोरलीने बाबांकडे बघितलं. तिने सांगितलं असतं तर धाकटीने मान हलवली असती, आणि उद्या चौथ्या गोळीला बाबांचंच ऐकलं असतं. हे एकाच माणसाच्या तोंडून यायला हवं होतं.

"इकडे ये," बाबा म्हणाले. "ही तापली की लाकडाला टेकते. चौथीपासून. ताई घासून देईल."

धाकटी ताईकडे बघायला लागली.

"तिच्याकडे काय बघतेस? मी सांगतोय ना. रायफल खराब होती."

"तुम्हीच म्हणायचात रायफलीला..."

"मी काय वाटेल ते म्हणायचो."

धाकटीला हसू यायला हवं होतं, निदान रडू तरी. ती चिडली. "मग ते दूध कशाला पाजलंत मला? डोळे मिटून बसवलंत, मला रात्र रात्र वाटत राहिलं की माझ्यात काहीतरी मोडलेलं आहे, ते कशाला? एकदा कुणाला दाखवायची ना रायफल. ताई घरात आहे. ताई घरातच होती, बाबा."

"होती," बाबा म्हणाले.

ते उठले. उठताना त्यांना टेबलाचा आधार घ्यावा लागला. धाकटीचा राग अजून संपला नव्हता, ती मान फिरवून उभी होती. त्यांनी तिच्या डोक्यावर हात ठेवायला उचलला आणि तसाच खाली घेतला.

"तुझं मन चांगलं आहे," ते म्हणाले. "त्याला काही झालेलं नाही. हे तुला आधी सांगायला हवं होतं."

धाकटीने खांद्यावरची पिशवी खाली ठेवली.

"माझंही चांगलं होतं गं," बाबा म्हणाले, आणि रायफल तिथेच टेबलावर ठेवून फाटकाकडे चालायला लागले.